कात्री विहीणबाईंच्या पेटीत

मुरारजी पेठ, सोलापूर
ता. १९ ऑगस्ट १९३४

गं. भा. सोजरबाई विहीणबाई यांस धोंडीराम फिटरचा नमस्कार.

वळसंगच्या मोटारीबरोबर एक गोणपाट पाठवलं आहे. आतल्या वस्तू बाजारच्या नाहीत, म्हणून एकेक सांगतो. झारी मी केली. पत्रा गिरणीच्या भंगारातला, रीतसर पैसे भरून घेतलेला. तिच्या तोंडाची भोकं एकसारखी आहेत, त्यामुळे पाणी पावसासारखं पडतं, चूळ टाकल्यासारखं नाही. खुरपं मी केलं. खत चाळायची चाळण मी केली. न्हाणीचं पाणी आळ्यात नेणारी पन्हळ मी केली, तिला उतार आहे, उलटी लावू नये. छाटणीची कात्री मी केली. पाती जुन्या कानशीची, स्प्रिंग मोडक्या लूमची, मूठ बाभळीची. बाजारातली विलायती कात्री फांदी चेंगरते, ही कापते. आणि तुमच्या न्हाणीमागे जो गुलाब उभा आहे, तोही मीच केला.

गुलाब देव करतो असं तुम्ही म्हणाल. पण फळ पिकू देणं, बी काढणं, वाळूत पेरणं आणि उगवलेल्यांतली ऐंशी रोपं वाईट म्हणून स्वतःच्या हाताने उपटणं, हे देवाने केलं नाही. सात वर्षं लागली. गुरू कोणी नव्हता. इंग्रजी कॅटलॉग आणि शेजारी डिक्शनरी, एवढ्यावर शिकलो. पिकल्या अंजिराच्या आतला रंग दुसऱ्या कुठल्या गुलाबाला मी अजून पाहिलेला नाही.

माझ्या विजूच्या लग्नात पाठराखीण म्हणून तिच्याबरोबर जे झाड दिलं, ते याच गुलाबाचं. आता वाईट बातमी. माझ्या दारातलं मूळ झाड गेलं. मी हिवतापाने पडून होतो, तेवढ्यात उधईने मुळं खाल्ली. म्हणजे हा गुलाब आता जगात एकाच ठिकाणी उरला आहे. तो तुमच्या न्हाणीमागचा. तो गेला तर माझी सात वर्षं गेली.

म्हणून विनंती. दसरा झाला की छाटणी करावी आणि छाटलेल्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून मला पाठवाव्यात. काडीवर पानाच्या बगलेत जो डोळा असतो, तो काढून साध्या रानगुलाबाच्या सालीत बसवला की त्यातून आपला गुलाब फुटतो. अशा रानगुलाबाचे खुंट मी कुंड्यांत तयार ठेवले आहेत. फक्त डोळे हवेत.

(विजू, एवढं मनात वाच. विहीणबाई झाडाला ताज्या लेंड्या घालतात असं जावईबापू म्हणाले. त्याने मुळं जळतात. गोड बोलून थांबव.)

कळावे,
धोंडीराम रावजी, फिटर

*

वळसंग
ता. २ सप्टेंबर १९३४

इवाई धोंडीराम फिटर यांना सोजरबाईचा रामराम. मी बोलते, तुमची लेक लिवती. तिला सांगितलंय, मी बोलते तसंच लिव, त्याचं शाळंतलं मराठी करू नगंस.

गोणपाट पोचलं. झारी लई झ्याक हाय. पर 'मी केली, मी केली' वाचताना पोरीची जीभ दुखली. ब्रह्मदेवानं बी येवढ्यांदा म्हटलं नसंल की.

आन् वाचता वाचता ही मधीच थांबली. मी म्हटलं, "काय गं, बापानं माझ्यावर काय लिवलंय?" म्हणती, "काही नाही, शाई पसरलीय." म्हटलं, "शाई पसरली तर हसतीस कशाला?" मग समदं वाचून घेतलं. आवो, त्याच लेंडीवर आमची जवारी हत्ती बुडंल येवढी वाढती. मायाप्पा धनगर दरसाल आमच्या रानात मेंढरं बसवतो, त्याला आमी वर दाणं देतो लेंडीपायी. तुमच्या गुलाबाचं पोट काय मामलेदाराचं हाय?

हितं समदी त्या झाडाला फिटरच म्हणतात. का, तर जरा बोट लावलं की टोचून बोलतंय. काल फिटरनं दोन फुलं दिली. रंगाला नाव ठिवायला जागा न्हाई, ते मी कबूल करते.

कात्री धारंची हाय, म्हणून माझ्या पेटीत ठिवली. दसऱ्याचं दसऱ्याला बघू.

ती. बाबांस, हे माझ्या मनाचं. सासूबाई गोठ्यात गेल्या आहेत. मी बरी आहे. झाडाला कळ्या पुष्कळ आहेत. पण हल्ली त्याचा वास मला सोसत नाही, जवळ गेलं की मळमळतं. म्हणून पाणी सासूबाईच घालतात. काळजी नसावी.
तुमची विजू

*

सोलापूर
ता. १६ सप्टेंबर १९३४

विहीणबाईंस नमस्कार.

तुमच्या पत्रात चेष्टा फार आणि माहिती कमी होती. खरी बातमी विजूच्या ओळींत सापडली. गुलाबाचा वास बिघडला आहे! हे साधं नाही. या गुलाबाला कोऱ्या चहाच्या पुडीसारखा हलका वास आहे, त्याने कुणाला मळमळत नाही. वास बदलला म्हणजे मुळाशी पाणी साचून माती आंबली, आणि त्याला कारण लेंड्या.

विजूचं नाक चुकलं असेल असं कोणी म्हणू नये. तिचं नाक माझं आहे. मी तेलाच्या वासावरून कुठलं बेअरिंग तापलं ते सांगतो. सोबत चुना पाठवतो. त्याची निवळी करून आळ्यात घालावी. मग विजूने रोज सकाळी फुलाजवळ नाक नेऊन वास घ्यावा आणि मळमळ कमी झाली की वाढली ते मला कळवावं.

आता छाटणी. दसऱ्याआधी पाणी तोडायचं. पानं पिवळी पडू लागली की बुंध्याभोवतीची माती खुरप्याने बाजूला करून मुळांना चार दिवस ऊन दाखवायचं. बसून अवघडलेला माणूस जसा पाय मोकळे करतो, तसं. मग छाटायचं. वाळकी आणि आत वळलेली फांदी पहिली. चांगल्या फांदीवर बाहेर तोंड केलेला डोळा बघायचा, त्याच्या पाव इंच वर तिरका काप द्यायचा. पाव. अर्धा नव्हे. नंतर कुजलेलं शेणखत आणि भरपूर पाणी.

यात स्वतःची भर घालू नये.

धोंडीराम

*

वळसंग
ता. २४ ऑक्टोबर १९३४

इवाईंना रामराम.

चुना घातला न्हाई. वास बिघडला न्हाई. मी रोज हुंगते. पोरीच्या नाकाला सध्या काय झालंय ते ज्याच्या त्याच्या येळंनं बरं हुईल, त्याला चुना लागत न्हाई.

आन् छाटणी बी न्हाई. यंदा आमच्या घरात कापाकापी करायची न्हाई. का न्हाई ते इचारू नगा, मी सांगायची न्हाई. माझ्या कुंडलिकनं, तुमच्या जावयानं, दसऱ्याला सुदिक केस कापलं न्हाईत, बैराग्यावानी दाढी वाढवून फिरतोय. त्याला डोळ्याम्होरं आणा आन् काय समजायचं ते समजून घ्या. तुमी तर इंग्रजी पुस्तकं वाचता की.

तुमचा फिटर खुशाल हाय. वाढलाय, येड्यावानी वाढलाय.

बाबा, माझं काही लिहायचं नाही. रागावू नका, एवढंच. विजू

*

सोलापूर
ता. २८ ऑक्टोबर १९३४

सोजरबाई विहीणबाई यांस.

समजून घ्या म्हणता, तर मी समजलो ते असं. जावईबापूंनी वैराग्य घेतलं असेल तर तसं मला स्पष्ट कळवावं. माझी मुलगी मी संसार करणाऱ्या माणसाला दिली आहे. आणि ते नुसते आळसावले असतील तर त्यांच्या दाढीचा गुलाबाशी संबंध काय?

छाटणीविना हे झाड नुसतं काटकुळं होईल, जुनं लाकूड वाढेल आणि पुढच्या उन्हाळ्यात तुमच्याकडचा वारा त्याला उभं वाळवेल. मग मी डोळे कुठून आणू? माझ्याकडे दुसरं झाड नाही हे मी तुम्हाला ऑगस्टातच लिहिलं होतं. तुम्हाला ते लेंड्यांच्या गमतीत विसरायला झालं.

येत्या रविवारी, चार तारखेला, मी स्वतः येतो. माझी कात्री पेटीतच असू द्या. दुसरी केली आहे.

धोंडीराम रावजी, फिटर

*

वळसंग
ता. १५ नोव्हेंबर १९३४

इवाईंना सोजरबाईचा रामराम.

तुमी आलात. मोटारीतनं उतरलात ते रामराम न करता थेट न्हाणीमागं. मी आडवी उभी ऱ्हायले. तुमी म्हणलात, "बाजूला व्हा." मी म्हटलं, "आदी मला छाटा, मग झाडाला." मायाप्पा हसला, त्यानं तुमी आणखीच पेटलात. लेकीच्या घरचं पाणी तुमाला अजून चालत न्हाई ते ठाव हाय, पर त्या दिशी तुमी आमच्या दारात थुकी सुदिक गिळली न्हाई. आल्या मोटारीनं माघारी. दिवाळी त्यात गेली.

तुमची लेक दाराआड रडत हुती. तिला वाटलं मी सांगंन, मला वाटलं ती सांगंल. ही बातमी बाईनं बाईला सांगायची असती. तिची आय असती तर तिला कवाच कळली असती. बापाला कुणी आन् कसं सांगावं? पाचवा म्हयना सरस्तवर आमी कुणालाच बोलत न्हाई. आता सरला.

इवाई, तुमी आजा हुणार.

घरात पोटुशी बाई असली की घरधनी केस कापत न्हाई, आन् घरातल्या जित्या झाडाला कुणी लोखंड लावत न्हाई. तुमी म्हणाल, येडगळ बायांच्या समजुती. असतील. माझ्या पयल्या येळंला आमच्या मालकांनी दारातला शेवगा तोडला, खांबाला. सातव्यात माझं गेलं. शेवगा तोडला म्हणून गेलं असं मी म्हणत न्हाई. मला तरी काय कळतंय? पर तवापास्नं माझा हात हुत न्हाई. तुमच्या लेकीवर तर न्हाईच हुणार.

काय लिवायचं ते लिवा. कात्री पेटीतच हाय.

बाबा, हे सगळं मी माझ्या हाताने लिहिलं, म्हणून अक्षर असं आलं आहे. गुलाबाचा वास बिघडला नव्हता. विजू

*

सोलापूर
ता. १८ नोव्हेंबर १९३४

सोजरबाई विहीणबाई यांस सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मला गिरणीच्या दारात मिळालं. वाचून मी आत गेलो आणि चालू यंत्राला घालायचं तेल बंद पडलेल्या यंत्राला घालत बसलो. आमच्या खात्याचा मुकादम जॉबर म्हणाला, "फिटर, काय बिनसलं?" मी म्हणालो, "गुलाबाचा वास बिघडला नव्हता." त्याने माझ्या हातातली तेलाची बुधली काढून घेतली.

फांदी आणि पोटातलं लेकरू यांचा संबंध मला कुठल्याही पुस्तकात सापडलेला नाही. मी तुमच्या समजुतीवर विश्वास ठेवत नाही, हे स्पष्ट लिहितो. मनात नसलेलं लिहायची मला सवय नाही. पण तुम्ही विजूसाठी आडव्या उभ्या राहिलात आणि मी तुम्हाला बाजूला व्हा म्हणालो. तुमचा हात होत नाही, तर माझाही उठणार नाही. बाळंतपण पार पडेपर्यंत त्या झाडाला लोखंड लागू नये. माझे खुंट कुंड्यांत थांबतील.

उशीर झाला तर काय होईल? होळीनंतर ऊन तापतं, डोळे धरत नाहीत, धरले तरी करपतात. हे तुम्हाला भीती घालायला लिहीत नाही, माहीत असावं म्हणून लिहितो. तोवर एवढंच करा. गळलेली काळ्या ठिपक्यांची पानं वेचून चुलीत घाला, झाडाखाली पडू देऊ नका. पाणी सकाळी द्या, पानांवर नको, बुंध्याशी. लेंड्या घालायच्याच असतील तर वर्षभर जुन्या.

विजूसाठी काय करावं याबद्दल मला काही माहीत नाही. मला माहीत नाही असं मी लिहिण्याची ही पहिलीच वेळ असेल. तिची आई असती तर तिने जे केलं असतं, ते तुम्ही करत आहात. जावईबापूंना सांगा, दाढी शोभते.

(विजू, मनात वाच. तुझ्या सासूबाई चांगल्या आहेत. हे त्यांना वाचून दाखवू नकोस, चढून बसतील.)

धोंडीराम

*

वळसंग
ता. ११ डिसेंबर १९३४

इवाई, घात झाला. शेळीनं फिटर खाल्ला.

मायाप्पाच्या मेंढरांत ती कबरी शेळी हाय, ती. परवा आमी दुपारचं रानात हुतो. परड्याचं फाटक उघडं ऱ्हायलं. येऊन बगतो तर पान न्हाई, कळी न्हाई, शेंडा न्हाई. गुडघ्याच्या खालची काटकं तेवढी उभी हायती. मायाप्पा कानडीतनं शेळीला शिव्या घालतोय आन् ती त्याच्या तोंडाकडं बघत रवंथ करतीया. येवढं काटं, पर तिच्या जिभंला काय न्हाई.

लोखंड लागलेलं न्हाई. दात लागले. दातांचा आमच्यात काय नेम न्हाई. मला वाटलं हुतं वरचं वरचं खाईल, चार शेंडं, तुमचं बी काम हुईल आन् माझं बी. खोड गं ते. म्या फाटक उघडं ठिवलं असं लिवू नगंस.

बाबा, त्या खोड म्हणाल्या. पण मी बोलते तसंच लिव हा हुकूमही त्यांचाच आहे, म्हणून राहू दिलं. चार शेंडे खाऊन शेळी थांबेल असं त्यांना वाटलं. परवापासून त्या नीट जेवलेल्या नाहीत. न्हाणीमागे बसून असतात. त्यांना रागावून लिहू नका, माझी शपथ आहे. विजू

*

पोस्टकार्ड
सोलापूर, ता. १३ डिसेंबर १९३४

रागावलो नाही. एकच गोष्ट पाहा आणि कळवा. बुंध्यावर जमिनीपासून चार बोटांवर एक गाठ आहे, तिथे मी डोळा बसवला होता. गाठीच्या खाली सगळा रानगुलाब, वर माझा गुलाब. शेळीने खाल्लं ते गाठीच्या वर की खाली? वर असेल तर गुलाब आहे. खाली असेल तर नाही. फक्त वर किंवा खाली, एवढंच लिहा. उलट टपाली.
धों. रा.

*

वळसंग
ता. १० फेब्रुवारी १९३५

ती. बाबांस विजूचा शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही कार्डावर 'वर' एवढंच लिहून पाठवलं होतं. गाठीवर वीतभर तरी लाकूड उरलं होतं, पण ते जगेल असं कुणालाच वाटलं नाही. सासूबाईंनी मात्र सोडलं नाही. तुमच्या झारीनेच पाणी घातलं, बुंध्याला काळा दोरा बांधला, बिब्बा टांगला, आणि तुमच्या पत्रातलं खताचं मला पुनःपुन्हा वाचायला लावलं. डिसेंबर सरता सरता तांबडे कोंब आले. आता नवीन फांद्या कमरेएवढ्या आहेत आणि फुलं, बाबा, इतकी मोठी मी तुमच्या दारातसुद्धा पाहिली नव्हती. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "छाटणी करावी तर कबरीनं." मायाप्पा शेळीची मजुरी मागतो आहे.

माझी ओटी भरली तेव्हा वेणीत तीच फुलं होती. खुडलेली चालतात का, यावर आधी बायकांची मोठी चर्चा झाली. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "फूल देवाला खुडतो, तर हिला का न्हाई?" वास आता सोसतो. आवडतो.

परवा एक टोपीवाले गृहस्थ आले होते. शिवयोगी नाव सांगितलं, बंगलोरकडच्या मोठ्या नर्सरीचे एजंट म्हणाले. गेल्या साली तुमच्या दारात त्यांनी हे फूल पाहिलं होतं, आता तिथे झाड दिसलं नाही, म्हणून तुमच्या शेजाऱ्यांना विचारत इथवर आले. खिशातून टेप काढून फुलाची रुंदी मोजली, पाकळी जिभेवर ठेवून पाहिली. सासूबाईंनी ताक दिलं. ते म्हणाले, "आजी, हे झाड विकायचं आहे का?" सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडं इकायची फकस्त मेंढरं असत्यात, आन् ती बी मायाप्पाची." मग ते तुम्हाला भेटायला सोलापूरला जातो म्हणाले. भेटले का?

तुमची विजू

*

वळसंग
ता. २४ मार्च १९३५

इवाईंना सोजरबाईचा रामराम. आज कुंडलिक लिवतोय, त्याला चुका काढू नगा.

मुलगी झाली. बाराव्या दिशी पाळण्यात घातली. विजू खुशाल, पोर खुशाल, रडण्याचा आवाज गिरणीच्या भोंग्यावानी हाय, तो कुणाकडनं आला ते सांगायला नगं. नाव यमुना ठिवलं. गिरणीनं रजा दिली न्हाई म्हणून तुमी आला न्हाईत, आता सुट्टी बघून या आन् आमच्या घरचं पाणी प्या. नात झाली, आता चालतंय तुमाला.

बारसं उरकलं, बाया गेल्या, तशी मी पेटी उघडली. कात्री काढली. कुंडलिक म्हणला, "आई, मी कापतो." म्हटलं, "तू आदी ती दाढी कापून ये." माझ्या हातानं कापल्या काड्या. डोळा बाहेर तोंडाचा, वर पाव इंच, तिरकं. पोरीनं बाजेवरनं पत्र वाचलं आन् मी कापलं. तुमची कात्री खरंच चेंगरत न्हाई.

काड्या वल्या फडक्यात, वर केळीची पानं, अशा कुंडलिकच्या हाती धाडल्यात. उनाचं दिस हायती, तुमी लिवलं हुतं ते ध्यानात हाय. धरल्या न्हाईत तर माझ्या माथी.

आणखी एक. तो टोपीवाला काल मोटारीच्या थांब्यावर कुंडलिकला भेटला. म्हणला, "तुझा सासरा येडा हाय." कुंडलिकला राग आला, पर त्यानं पुढं काय सांगितलं न्हाई. इवाई, आमच्यापायी तुमचं काय बुडलं का? खरं सांगा. मनात वाच म्हणून कंसात लिवू नगा.

*

सोलापूर
ता. १४ एप्रिल १९३५

सोजरबाई विहीणबाई यांस धोंडीरामचा सप्रेम नमस्कार. चि. यमुनाबाईस अनेक आशीर्वाद.

तुम्ही पाठवलेल्या काड्या पाहिल्या. काप तिरका आहे, पाव इंचाचाच आहे. एका ठिकाणी जरा जास्त आहे, पण तो कुंडलिकरावांनी दिलेला असावा. डोळे त्याच संध्याकाळी भरले. खुंटाची साल अजून सुटत होती, हे नशीब. केळीच्या सालीच्या सोपटाने बांधले, वर ओलं गोणपाट धरलं, गिरणीतून दुपारी घरी येऊन ते भिजवून परत जात होतो. बरेचसे काळे पडले. तीन धरले आहेत. काल त्यांतल्या एकाने तांबडं टोक बाहेर काढलं. म्हणजे गुलाब आता तुमच्याकडे आणि माझ्याकडे, दोन ठिकाणी आहे.

आता तुमच्या झाडाचं. उन्हाळाभर पश्चिमेकडून कडब्याचा आडोसा करा. आळ्यात पाचोळ्याचा जाड थर द्या. पाणी दिवेलागणीला द्या, एक दिवसाआड पण पोटभर. वैशाखात कळी आली तर खुडून टाका, झाडाला त्या उन्हात फूल पोसू देऊ नका. कबरीला बांधून ठेवा. एकदा चुकून बरोबर छाटणी झाली म्हणून दुसऱ्यांदा होत नाही.

तुम्ही विचारलं त्याचं उत्तर कंसाबाहेर देतो.

शिवयोगी फेब्रुवारीत माझ्या घरी आले. गृहस्थ जाणकार आहेत, मी त्यांना वाईट म्हणणार नाही. त्यांचं म्हणणं असं की झाड आत्ताच, हवा थंड आहे तोवर, मातीच्या गोळ्यासकट काढून बंगलोरला न्यायचं. तिथे तज्ज्ञ माळी डोळे भरतील, पुढच्या पावसाळ्यापर्यंत हजार झाडं होतील, आणि कॅटलॉगात गुलाबाखाली माझं नाव इंग्रजीत छापलं जाईल. ज्या कॅटलॉगांवरून मी शिकलो त्यांतलाच तो एक. त्यांनी मला छापायचं नाव कागदावर लिहूनही दाखवलं. ते मी बराच वेळ बघत बसलो, हे तुमच्यापासून लपवत नाही.

मी विचारलं, "काढायला पहार लागेल?" म्हणाले, "लागेलच." विचारलं, "मुळं तुटतील?" म्हणाले, "बाजूची तोडावी लागतात." मी म्हणालो, "मार्च उलटल्यावर या." ते म्हणाले, "मार्चात उपटलेलं झाड वाटेतच मरतं, हे तुम्हाला मी सांगायला हवं का? जगात एवढं एकच झाड, ते शेळीच्या तोंडाशी ठेवून तुम्ही थांबणार? कशासाठी?" मी म्हणालो, "माझ्या विहीणबाई पेटीवर बसल्या आहेत." त्यांना वाटलं मी किंमत वाढवतो आहे.

हे तेव्हा तुम्हाला कळवलं असतं तर तुम्ही काय केलं असतं ते मी जाणून आहे. मनावर दगड ठेवून स्वतः पहार काढून दिली असती, इवायाचं नुकसान नको म्हणून, आणि पुढचा सगळा महिना विजूच्या तोंडाकडे बघत काढला असता. ते मला नको होतं. तुमच्या नेमावर माझा आजही विश्वास नाही.

ते आधी दोनशे म्हणाले. मग साडेतीनशे. उंबऱ्यापर्यंत गेले, चप्पल घातली, पुन्हा आत आले आणि नोटा चटईवर मांडल्या. गिरणीत मला वर्षभरात तेवढा पगार मिळत नाही. साडेपाचशे रुपये होते, रोख. मी नको म्हणालो.

धोंडीराम